अकरा फुल्या

संशय घ्यायला मला कुणी शिकवलं नाही, तो माझा उपजत गुण आहे. दुकानदाराने वजन केलं की मी काट्याखाली वाकून बघते. डॉक्टरने गोळ्या दिल्या की पाकिटावरची तारीख दोनदा वाचते. कुणी माझ्याशी फार गोड बोलायला लागलं की पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. माझी थोरली बहीण म्हणते, तुझ्या तावडीतून देवसुद्धा पावती दिल्याशिवाय सुटायचा नाही. असो. स्वभावाची टिमकी वाजवायला मी बसलेले नाही. या स्वभावापायी आमच्या ह्यांची सव्वीस वर्षांची खुर्ची कशी पणाला लागली ते सांगायचं आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

हे व्हायोलिन वाजवतात. मोठ्या नाट्यगृहात रंगमंचासमोर एक खड्डा असतो, त्यात वीस-बावीस वाजवणारे बसतात. त्यात मागच्या रांगेत डावीकडून दुसरी खुर्ची ह्यांची. पहिल्या खुर्चीवर एक म्हातारबुवा बसायचे. दोघांत मिळून कागद ठेवायचा एकच स्टँड. गेल्या वर्षी म्हातारबुवा निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला तिथे नवा कंडक्टर आला. ताईला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ह्यांना काय, हे काय बसने जातात का कामाला?" तिला समजावता समजावता माझी पाच मिनिटं गेली. हा कंडक्टर तिकिटं फाडणारा नव्हे, हातात काठी घेऊन सगळ्यांकडून वाजवून घेणारा. पण ह्या नव्या माणसाने लोकांची तिकिटं फाडायलाच घेतली. त्याने जाहीर केलं की प्रत्येकाची चाचणी होणार. एक तुकडा आधी दिलेला, तो ज्याने त्याने आपला कागद आणून वाजवायचा. दुसरा तिथल्या तिथे समोर ठेवणार. उतरेल तो राहील, बाकीच्यांनी महिनाअखेर घरी बसायचं.

"तुम्हाला कसली परीक्षा?" मी म्हणाले. "सव्वीस वर्षं वाजवताय."

"हं," हे म्हणाले.

ह्यांचं "हं" तीन प्रकारचं असतं. एक, ऐकलं नाही. दोन, ऐकलं पण पटलं नाही. तिसरं फार क्वचित येतं, पोटात काहीतरी असतं तेव्हा. हे तिसरं होतं, एवढं मी ओळखलं. पोटात काय आहे, तेवढं मात्र भलतंच ओळखलं.

कारण त्याच आठवड्यापासून सोमवारचं सुरू झालं. सोमवारी नाट्यगृह बंद असतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, सोमवार म्हणजे हे जुन्या पायजम्यात घरभर फिरणार, गळका नळ दुरुस्त करणार आणि आणखी गळका करून ठेवणार. आता एकदम चार वाजता दाढी, निळा शर्ट, आणि "जरा जाऊन येतो." व्हायोलिनची पेटी बरोबर. गुरुवारी तालीम सहाला संपते, साडेसहाला माणूस घरी पाहिजे. आठ वाजायला लागले. विचारलं तर "जरा काम होतं." सोमवारी जरा, गुरुवारी जरा. ह्या जरा-जराचं मिळून जरा जास्तच व्हायला लागलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ह्या वेळी ते नळाचं नव्हतं.

ताईला सांगितलं. ताई म्हणजे राईचा पर्वत करून त्यावर चढून बसणारी बाई. ती म्हणाली, "विचारू नकोस. पुरुष विचारल्याने सावध होतात. मागे जा."

गेले. गुरुवारी नाट्यगृहाच्या मागच्या दारासमोर औषधाच्या दुकानात उभी राहिले आणि खोकल्याच्या बाटल्या उलट्यासुलट्या करत राहिले. हे बाहेर पडले, दोन चौक चालले, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर गेले. मी मागोमाग पहिल्या वळणापर्यंत. वरच्या दारावर पाटी होती: लहान मुलांसाठी पियानोचे वर्ग. खाली एका बाईचं नाव. आतून थोडा पियानो, थोडं व्हायोलिन ऐकू आलं, आणि मग बंद झालं. दहा मिनिटं आवाज नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं. वाजवणारी दोन माणसं दहा मिनिटं न वाजवता बंद खोलीत काय करतात, मला सांगा. शिकवणी असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सव्वीस वर्षं वाजवणारा बाप्या माणूस लहान मुलांच्या वर्गाला कशाला जाईल?

आणि त्यात तो कागद सापडला. शनिवारी ह्यांच्या कपड्यांचा खण आवरत होते, तर तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली तो होता. जाड पांढरा कागद. त्यावर छापील रेघा, पाच-पाचच्या जुड्या, आणि उभ्या रेघांनी पाडलेली घरं. रेघांवर पेन्सिलने काढलेले मोठेमोठे ठिपके, त्यांना शेपट्या. एवढं मला माहीत आहे, वाजवायचे कागद असेच असतात, ह्यांच्या पेटीत पुष्कळ बघितलेत. पण ह्या कागदावर ठिपक्यांच्या आधी ठिकठिकाणी बारीक फुल्या होत्या. नाजूक, एकसारख्या, बायकी हाताच्या. आणि घरात ठेवायचाच तर हा कागद पेटीत का नाही, वर्तमानपत्राखाली का?

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे. चादरी मी धूत नाही, धुणाऱ्या बायकांच्या ड्यूटीचा तक्ता करते. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या नावापुढे पाच आडव्या रेघा असतात, वरची सोमवारची, तळाची शुक्रवारची. उभ्या रेघांनी आठवडे पाडलेले. बाई जागेवर नसेल त्या दिवसाच्या रेघेवर फुली. एकोणीस वर्षं मी हेच वाचते आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी फुली बघून सांगेन कोण कधी नाही ते.

मी तो कागद खिडकीशी नेला आणि तक्ता वाचावा तसा वाचला. सात फुल्या सगळ्यात वरच्या रेघेवर. सोमवार. चार फुल्या सगळ्यात खालच्या फटीत, म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार यांच्या मध्ये. गुरुवार संध्याकाळ. मधल्या दिवसांवर एकसुद्धा नाही. एका घरात फुली, दोन घरं रिकामी, पुन्हा फुली. म्हणजे दर आठवड्याला नाही, बाईंच्या सोयीप्रमाणे. आणि बाईंनी स्वतःच्या हाताने आखून दिलेलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आपल्या घरची फांदी मोडली की कावळ्याचाच गळा धरावासा वाटतो.

भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, हे आता म्हणते. रविवारी ह्यांचे दोन खेळ असतात, घरात मी एकटी. मी ऑफिसातला खोडरबर काढला आणि सगळ्या फुल्या खोडल्या. भेटायचे दिवसच पुसले तर भेटणार कधी, असा सरळ हिशेब. अकरा फुल्या, मोजून. छापील रेघेला धक्का नाही, शेजारच्या ठिपक्याला धक्का नाही. खोडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. एखाद्या बाईने ऐनवेळी रजा रद्द केली की फुली अशी काढते की साहेबांना तिथे कधी काही होतं हे कळू नये. रबराचा चुरा फुंकून टाकला, कागद वर्तमानपत्राखाली होता तसा ठेवला, आणि दोन तास गाढ झोपले. तेही सांगितलं पाहिजे.

सोमवारी सकाळी हे साडेनऊलाच दाढी करून तयार. तोच निळा शर्ट. खणातून घडी केलेला कागद काढला, न उघडता पेटीत टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. उघडून बघितला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

"जाऊन येतो," हे म्हणाले, आणि दारात थांबले. "सगळं नीट होईल ना गं?"

मी म्हटलं, कमाल झाली. मला विचारतायत. "ज्याचं त्याला ठाऊक," मी म्हणाले. हे गेले.

दिवस खोडले तरी माणूस चालला, म्हणजे दिवस पाठ आहेत. आता तर चारची वाट बघायचीही गरज नाही, सकाळीच. मी ऑफिसला फोन करून डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, चपला घातल्या आणि तडक किल्लीवाल्याचा जिना गाठला. या वेळी वळणावर थांबले नाही. बेलवरचं बोट दार उघडेपर्यंत काढलं नाही.

दार उघडलं ती माझ्याच वयाची असेल. दिसायला बरी होती, खोटं कशाला बोलू. पण सर्दीने नाक लाल, पायात दोन रंगांचे मोजे, हातात रुमाल.

"सोमवार-गुरुवार तुमच्याकडे येतात ना," मी म्हणाले, "त्यांची बायको."

मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. तिने दार सताड उघडलं. "या ना, बरं झालं आलात. मलासुद्धा आज चैन नाही. अकराला चाचणी आहे ना त्यांची. नीट गेले का घरून?"

"चाचणी आज आहे?"

"तुम्हाला सांगितलं नाही?" ती दोन वेळा शिंकली. "बसा. म्हणजे तुम्हाला ते इथे येतात तेही सांगितलं नसेल. मला म्हणाले होते, कुणाला कळता कामा नये. पण बायकोलासुद्धा नाही, हे मला माहीत नव्हतं."

"काय कळता कामा नये?"

बाईने रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाली, "त्यांना वाचता येत नाही. नोटेशन, कागदावर लिहिलेले सूर. सोपं थोडंफार येतं, पण सुरुवातीला दोनाच्या वर शार्प, म्हणजे सूर चढवायच्या खुणा, आल्या की अडले. त्यांचे शेजारचे म्हातारे होते ना, ते नवीन खेळ आला की एकदा सगळं वाजवून दाखवायचे. तुमच्या मिस्टरांचा कान असा की एकदा ऐकलं की झालं. कागद नुसता समोर. सव्वीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही."

मलाही लागला नव्हता. मी, जी पाकिटावरची तारीख वाचते. चोवीस वर्षं ह्या माणसाच्या समोर बसून जेवले.

"फार मेहनत घेतली हो त्यांनी," बाई सांगत होती. "छापील कागद बारीक, म्हणून मी पेन्सिलने मोठा उतरवून दिला. ह्या फुल्यांनी तर आमचा जीव घेतला." तिने पियानोवरचा कागद माझ्यापुढे धरला. तसाच दुसरा कागद. तेच ठिपके. सगळ्यात वरच्या रेघेवर सात, खालच्या फटीत चार.

"ह्या काय आहेत?" मी विचारलं.

"डबल शार्प. थांबा, वाजवून दाखवते, तसं पटकन कळतं." ती खुर्ची ओढून बसली. "हे बघा, डाव्या टोकाला पाच शार्प लिहिलेत. हा ह्या कागदाचा कायदा. एफ, सी, जी, डी, ए, ह्यांच्यातला सूर कुठेही दिसला तरी अर्धी पायरी वर वाजवायचा. प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगत नाहीत. आता वरच्या रेघेवर आहे तो एफ, आणि खालच्या फटीतला, तोही एफच. त्याच्या आधी फुली आली की साध्या एफपासून दोन अर्ध्या पायऱ्या वर. इथे तुमच्या मिस्टरांची गाडी अडली. ते म्हणायचे, कायद्याची एक, फुलीच्या दोन, झाल्या तीन. अहो, फुली आली की कायद्याची धरायचीच नाही, मोजायचं साध्या सुरापासून. तीन आठवडे आम्ही नुसते फळ्यावर मोजत बसलो होतो. वाजवायचं नाव नाही."

मला ती दहा मिनिटं आठवली. दोघं फळ्यावर मोजत होती.

"मग तो जो सूर लागतो," मी म्हणाले, "त्याला काहीतरी नाव असेल. सरळ तेच का नाही लिहीत? फुल्या कशाला?"

"अगदी हेच विचारलं त्यांनीही. आहे ना, साधा जी. पण जीसुद्धा ह्या कायद्यात वर आहे. साधा जी लिहायचा म्हणजे आधी कायदा मोडायचं चिन्ह, आणि लगेच पुढचा सूर कायद्यातला जी, म्हणजे परत लावायचं चिन्ह. त्यापेक्षा एफनेच टाचा उंच केल्यात असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, हा आता जीवर चढणार."

"आणि फुली नसेलच तर?"

"तर कायद्याचा एफ. खाली पडेल." तिने दोन्ही वाजवून दाखवलं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा जिन्याला शेवटची पायरी नसावी असं झालं.

"ह्यांचा कान आहे की," मी म्हणाले. "कानाला कळेलच."

"कळेल. म्हणून तर मी तो बंद करायला लावला. दुसरा तुकडा तो कंडक्टर समोर ठेवणार, तो कधी ऐकलेलाच नसणार, तिथे कान काय करणार? सहा आठवडे एकच घोकून घेतलंय, कान काहीही म्हणो, कागदावर असेल तेच वाजवायचं."

"अकरा वेळा पडेल," मी म्हणाले.

बाईचा हात पियानोवरच थांबला. "अकरा? तुम्ही कधी मोजल्यात?" तिने माझ्याकडे जे बघितलं ते बघणं मी ओळखते. रोज आरशात बघते. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन कमी होती. जिना कसा उतरले ते माहीत नाही.

रिक्षा नाही, टॅक्सी नाही. पन्नाशीला आलेली बाई दोन चौक धावत गेली तर लोक बघतात, बघू देत. मागच्या दाराच्या पहारेकऱ्याने अडवलं. "घरचं माणूस आजारी आहे" म्हणून सांगितलं, आणि ते मला त्या क्षणी खोटं वाटलं नाही. लांब बोळातून वाजवणं ऐकू येत होतं. ह्यांचंच. चोवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला हात आहे तो. छान चाललं होतं आणि मध्येच व्हायोलिनचा गज किंचित अडखळला, सूर खाली पडला. पुन्हा छान, पुन्हा अडखळला, पुन्हा पडला. जिथे पडणार होतं तिथे तिथे पडलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा संपलं होतं.

आत पंधरा-वीस जण खुर्च्यांवर. टेबलाशी नवा कंडक्टर, व्यवस्थापक आणि पहिल्या रांगेतली एक व्हायोलिनवाली बाई. मधोमध हे उभे, निळ्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली. कंडक्टर सावकाश, फार सभ्यपणे म्हणत होता, "दुसरा तुकडा घेण्यात अर्थ नाही. एकच चूक, प्रत्येक वेळी तीच. म्हणजे तुम्हाला ती चूक वाटतच नाही. मला आश्चर्य वाटतं, इतकी वर्षं—"

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "त्या कागदावर फुल्या होत्या. मी खोडल्या."

सगळे वळले. हे वळले नाहीत, नुसती मान खाली गेली.

"आपण कोण?"

"ह्यांची बायको."

मागे कुणीतरी खोकलं. कंडक्टरने स्टँडवरचा कागद उचलला, दिव्याखाली धरला, तिरका केला, त्या व्हायोलिनवाल्या बाईंना दाखवला. "इथे काही खोडल्याचं दिसत नाही."

"दिसणार नाहीच. मी चांगलं खोडते."

आता मात्र हसले लोक. मी स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा पुसून ठेवला होता, आणि आता सगळ्यांसमोर त्याची हमी देत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"का खोडल्यात?" कंडक्टरने विचारलं. त्याच्या डोळ्यांत संशय होता, आणि तो रास्त होता. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतला असता.

"कारण मला वाटलं," मी सुरुवात केली, "हे सोमवारी आणि गुरुवारी त्या पियानोच्या—"

"साहेब," हे म्हणाले. पहिल्यांदा बोलले. "कागद होता तसाच आहे. हिचं मनावर घेऊ नका. चूक माझी आहे."

"अहो, खोटं काय बोलताय? बाईंना फोन करा, त्यांच्याकडे दुसरा कागद आहे, फुल्यांसकट—"

"गप्प बस."

चोवीस वर्षांत ह्यांनी मला गप्प बस म्हटलेलं नाही. मी बसले गप्प.

कंडक्टरने कागदाची घडी करून ह्यांच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून सभ्यपणे म्हणाला, "बाई, नवऱ्याची चूक अंगावर घ्यायला आलात, तुमचं प्रेम मी समजू शकतो. पण असं चालत नाही."

प्रेम म्हणाला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

बाहेर बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. पेटी ह्यांच्या मांडीवर. मी सगळं सांगितलं. खण, वर्तमानपत्र, वरची रेघ सोमवार, खालची फट गुरुवार. हे आधी ऐकत होते. मग "गुरुवार आणि शुक्रवारच्या मध्ये" म्हटल्यावर त्यांना हसू फुटलं. खांदे हलेपर्यंत हसले. आणि हसता हसता थांबले.

"मला वाटलं, कान गेले," हे म्हणाले. "दर वेळी कान सांगत होता, बोट वर घे, वर घे. कागदावर नाही म्हणून मी दर वेळी बोट खाली ओढलं. पाचव्या वेळेला वाटलं, फुल्या होत्या हेच आपण स्वप्नात बघितलं असणार. म्हातारे झालो, संपलं. त्या चार मिनिटांत मी स्वतःला पार निकालात काढलं होतं."

"माझं चुकलं," मी म्हणाले. "फार मोठं चुकलं हो."

"हं," हे म्हणाले. ते तिन्हींपैकी कुठलंच नव्हतं.

"पण तुम्ही खरं का नाही सांगितलंत? अजून चला, त्या बाईंना घेऊन जाऊ. कागद दाखवू. दहा मिनिटांचं काम आहे."

"बस आली," हे म्हणाले आणि उठले.

महिनाअखेर खुर्ची गेली. आता हे किल्लीवाल्याच्या वर, त्याच बाईंच्या वर्गात लहान मुलांना व्हायोलिन धरायला शिकवतात, आणि मुलं गेली की स्वतः शिकतात. नाट्यगृहाच्या रस्त्याने जात नाहीत, लांबच्या गल्लीने जातात. परवा त्यांनी मला विचारलं, रात्रीसाठी काय करतेस. त्याआधी चार दिवस एवढंही बोलले नव्हते. माझ्यावर राग नाही म्हणतात. मला ते खरं वाटतं.

फक्त एक गोष्ट. त्या दिवशी हे मध्ये बोलले नसते तर मी वीस माणसांसमोर सांगून बसले असते की मी नवऱ्यावर संशय घेतला, आणि जन्मभर त्या लोकांत माझं हसं झालं असतं. ते माझ्यासाठी बोलले, माझी लाज राखायला खुर्चीवर पाणी सोडलं, असं मी स्वतःला सांगते. पण पियानोच्या बाईंचं नाव निघालं असतं तर आणखीही एक गोष्ट निघाली असती, की सव्वीस वर्षं ह्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या तोंडातून "पियानो" हा शब्द बाहेर पडला, नेमकं त्याच क्षणी हे बोलले. चाचणीत चुकलेला माणूस म्हणून घरी जाणं त्यांना परवडलं असेल, कधी वाचताच न येणारा माणूस म्हणून नाही.

म्हणजे माझ्यासाठी, की स्वतःसाठी? मी, जी कुणालाही काहीही विचारते, जेवायला वाढताना रोज तोंड उघडते आणि भाजी हवी का एवढंच विचारते. विचारलं तर हे खरं सांगतील, याची मला भीती वाटते.